बाजूला सरा

लग्न संपलं की आमचं सुरू होतं.
खुर्च्या एकात एक जाऊन बसतात,
जनरेटरवाला शेवटची वायर गुंडाळतो
आणि मल्लेशी दोन्ही कार्डं रुमालात बांधून
खिशावर डावा हात ठेवूनच जेवायला बसतो.
हुग्गी संपलेली असते. नेहमीच संपलेली असते.
आचारी म्हणतो, भात आहे, ताक आहे, खरं आमटी गार.
चालतंय की, म्हणतो आम्ही.

दिवसभर दोन भाषांत एकच बोललेलो असतो :
जरा हसा. स्वल्प नग्री.
नवऱ्याकडचे गोकाकचे, नवरीकडचे कडोलीचे,
दोन्हीकडचे मामा कुठल्याच भाषेत हसत नाहीत.

नवऱ्याचा कोट ढगळ, पाठीला कपड्यांचे चार चिमटे लावले.
सात वर्षं न बोलणारे दोन चुलते
एकाच फ्रेमच्या दोन टोकांना उभे केले,
मधली जागा पोरांनी भरली.
नवरी रडून आली तेव्हा
लेन्स पुसायचं निमित्त काढून तिला पाच मिनिटं दिली.
लेन्स स्वच्छच होती.

सोमवारी तिची आई काकतीच्या स्टुडिओत आली.
बाजाराची पिशवी काउंटरवर, पिशवीत बटाटे,
बटाट्यांखालून रेशनकार्ड.
म्हणाली, फॅमिली फोटोत आमच्या ह्यांना घाला.
नखाएवढं तोंड, गालावर तहसीलदाराचा शिक्का.
ह्यात चिडल्यागत दिसतात, म्हणाली, चिडके नव्हते ओ.
दुसरा फोटो?
नाही.
कॅमेऱ्यापुढं उभेच राहायचे नाहीत.
कुणाचंबी लग्न असू दे, हे आपले वाढायला.

वाढायला.
रात्री जुनी हार्ड डिस्क लावली.
बारा वर्षांची लग्नं : कडोली, केदनूर, हंदिगनूर, अगसगे.
पहिल्यांदाच मी नवरीकडं न बघता
नवरीच्या मागं बघत होतो.
मागं काय काय असतं.
पत्रावळीवर बसलेलं मांजर,
नोटा मोजून परत मोजणारा बाप,
एक बाई, जी चार लग्नांत त्याच खांबाला टेकून उभी.
आणि भरमाण्णा बिर्जे.
एकीकडं नुसतं कोपर, बाकीचा माणूस मीच कापलेला.
एकीकडं पाठ, खांद्यावर टॉवेल, धुरकट.
मल्लेशी दीडला झोपला, अंगावर रिफ्लेक्टर घेऊन.

पहाटे अगसग्याचं लग्न उघडलं.
सप्तपदी. मध्येच बादली घेऊन आडवा आलेला माणूस,
पूर्ण फ्रेम खाल्लेली.
मला माझाच आवाज आठवला :
ओ काका, बाजूला सरा!
पुढचा फोटो. तो सरलाय,
आणि सरता सरता माझ्याकडं बघून हसलाय,
चुकलं बाबा माझं, असं.
डोळे लेन्समध्ये, दात दिसतायत, उजेड बरोबर पडलाय.
एवढा चांगला क्लोजअप
त्या लग्नात नवऱ्याचाबी मला मिळाला नव्हता.

मग नेहमीचं काम.
टॉवेल काढला, फेटा चढवला, घाम पुसला,
लेकीच्या उजव्या बाजूला अर्धा फूट जागा केली,
एका चुलत्याला थोडं सरकवलं. त्याला कळणार नाही.
बादली पुसली.
मूठ मात्र उघडता येईना.
बोटं वळलेलीच राहिली, आत काही नसलेल्या कडीभोवती,
खांदा ओझ्याच्या बाजूला जरासा खाली.
तसंच छापायला पाठवलं. कोण बघतंय एवढं.

अल्बम न्यायला ती एकटी आली.
काउंटरवरच उघडला, बाकीची पानं भराभर उलटली,
त्या पानावर थांबली.
तोंडाकडं बघितलं. हसली.
मग खाली, हाताकडं.
बादली काढली काय, म्हणाली,
ठेवायची होती की.

आता छापून आलंय वैनी, म्हणालो.
बरं, असू दे, म्हणाली,
उरलेले बाराशे मोजून दिले,
वर चार बटाटे ठेवले.

मूळ फोटो आहे अजून माझ्याकडं, बादलीसकट.
फोल्डरला नाव दुसऱ्याच कुणा नवरा-नवरीचं आहे.